न्हाणीघर कोणत्या धर्तीचें?



घर बांधावयास काढलें म्हणजे दिवाणखाना केवढा असावा, देवघर कोणत्या दिशेस असावें, ओटा किती उंच घ्यावा, याविषयीं घरांतील लहानथोरांना मत असतें. न्हाणीघराविषयीं मात्र परवांपरवांपर्यंत कोणालाच मत नव्हतें. मागील दारची ती एक ओली जागा. तिच्यांत विचार तो काय करावयाचा? आतां काळ पालटला आहे. दुकानांत पाऊल ठेवल्याबरोबर आपल्यापुढें जाड पुस्तकें उघडून ठेवतात, आणि राजवाडी, विलायती, हॉटेलांतल्यासारखें कीं साधें, कोणत्या धर्तीचें न्हाणीघर हवें, असा प्रश्न येतो. या प्रश्नाचें उत्तर मीं एकदां चुकीचें दिलें, आणि त्याचा दंड दुसऱ्यानें भोगला. मी गवंडी नाहीं, स्थापत्यशास्त्रीही नाहीं. पाचोऱ्यास मुलांना गणित व भूगोल शिकवून निवृत्त झालेला एक मास्तर आहें. तेव्हां मी जें सांगणार तें चुकून शिकलेल्या माणसाचें सांगणें आहे, असें समजून ऐकावें.

माझ्या लहानपणीं आमच्या धाब्याच्या घरांत न्हाणी होती. कोपऱ्यांत काळ्या दगडाची एक शिळा, शेजारीं तांब्याचा बंब, पुढें पितळेचें घंगाळ, आणि पाणी वाहून जाण्यास एक पन्हळ. तें पाणी परसांतल्या केळीला व अळवाला जाई. ती शिळा आमच्याच मुलुखांतली. अजिंठ्याचीं लेणीं ज्या अग्निजन्य काळ्या पाषाणांत कोरलीं आहेत, त्याच जातीचा तो दगड. अशा दगडांत पाणी फारसें मुरत नाहीं, आणि तो झिजतो तो पिढ्यापिढ्यांनीं. झिजून गुळगुळीत झाला कीं जातें-पाटा टांकणारी बाई दारावर आली असतां आजी तिच्याकडून न्हाणीच्या दगडालाही टांकी लावून घेई. हें ती कां करीत असे, याचा उलगडा मला साठी उलटल्यावर झाला.

तीन वर्षांपूर्वीं आम्हीं घराची डागडुजी काढली. पुण्यास असलेल्या मुलानें पैसे पाठविले व निवड माझ्यावर सोपविली. 'नाना, आईला काय सोयीचें पडेल तें विचारून घ्या,' असें त्यानें फोनवर दोनदां बजावलें होतें. मीं विचारलें नाहीं. दुकानांतल्या दिव्याखालीं पांढरी चकचकीत लादी अशी कांहीं झळकत होती कीं, मी दुसरीकडे पाहीचना. दुकानदारानें खरखरीत लादीही पुढें केली. 'गुरुजी, ही पायाला बरी,' असें तो म्हणालाही. 'तिच्यांत मळ बसेल,' असें मींच त्याला सांगितलें. खरें कारण मळाचें नव्हतें. आल्यागेल्याला कौतुकानें दाखवितां येईल असें न्हाणीघर मला हवें होतें. तें तसें झालें, आणि पांच महिने मीं तें दाखविलेंही. पुढें श्रावणांतल्या एका सकाळीं माझी पत्नी त्या लादीवर घसरली. मांडीचें हाड खुब्यापाशीं मोडलें. जळगांवास शस्त्रक्रिया झाली, चार महिने अंथरुणांत आणि वॉकर धरून गेले, व आजही तिच्या हातांत काठी आहे.

तेव्हां धर्तीचा प्रश्न मागाहून. आधीं पायाखालच्या लादीचा.

लादी सारी एकच दिसते, पण भिंतीची लादी निराळी व जमिनीची निराळी. भिंतीच्या लादीची माती सच्छिद्र असते. ती आपल्या वजनाच्या शेंकडा दहांहूनही अधिक पाणी शोषून घेते. जमिनीसाठीं जिला व्हिट्रिफाइड म्हणतात, ती लादी इतक्या उष्णतेंत भाजलेली असते कीं तिची माती जवळजवळ कांच होऊन जाते, आणि ती शेंकडा अर्धा भागही पाणी घेत नाहीं. दुकानांत याची परीक्षा सोपी आहे. लादी पालथी घालावी व तिच्या बिनझिलईच्या पाठीवर चमचाभर पाणी टाकावें. पाहतां पाहतां पाणी जिरलें, तर ती लादी भिंतीची. किंमत कमी आहे म्हणून ती जमिनीवर घालूं नये.

पण पाणी न पिणारी लादी घसरणारच नाहीं, असें मात्र नाहीं. माझी लादी व्हिट्रिफाइडच होती! घसरणें हें पृष्ठभागावर अवलंबून. जर्मनींत याची परीक्षा घेण्याची एक मौजेची रीत आहे. लाद्या बसविलेल्या फळीवर तेल ओततात, बूट घातलेल्या माणसाला तिच्यावर चालावयास लावतात, आणि तो घसरूं लागेपर्यंत फळी तिरकी तिरकी करीत नेतात. ज्या कोनावर तो डगमगला, त्यावरून लादीला आर ९ पासून आर १३ पर्यंत पायरी मिळते. साबणाच्या पाण्यावर अनवाणी माणसाला चालवून घेतलेली दुसरी परीक्षा आहे. तिच्यांत ए, बी, सी अशा पायऱ्या आहेत. आपण न्हाणीघरांत बूट घालून जात नाहीं, म्हणून आपल्याला ही दुसरीच महत्त्वाची, आणि बी पायरीच्या खालीं उतरूं नये. खोक्यावर पायरी छापलेली नसेल, तर लाजूं नये. चप्पल काढावी, लादीवर थोडें साबणाचें पाणी टाकावें, आणि दुकानदाराचा हात धरून तिच्यावर उभें राहावें. दुसऱ्या वेळीं मीं असेंच केलें. दुकानांतलीं पोरें हंसलीं. हंसोत.

लादीच्या आकाराविषयीं गणिताच्या मास्तराला एक शब्द बोलूं द्या. हल्लीं चार फूट लांब व दोन फूट रुंद अशा लाद्यांची हौस आहे. न्हाणीघराच्या जमिनीला उतार हवा. दर फुटाला पाव इंच धरला, तर सहा फुटांच्या न्हाणीघरांत दीड इंच होतो. जाळी मध्यभागीं असेल, तर हा उतार चारी बाजूंनीं यावा लागतो, आणि मोठी लादी हें एक सपाट प्रतल असल्यामुळें तें चार दिशांना वांकत नाहीं. मग गवंडी एक तर लादी तिरकी कापतो, नाहीं तर उतारच मारून टाकतो, व पाणी कोपऱ्यांत तुंबतें. मोठी लादी हवीच असेल, तर जाळी एका भिंतीशीं घ्यावी व सारा उतार एकाच दिशेला द्यावा. फूटभर किंवा त्याहून लहान लादी घेतली, तर सांधे अधिक येतात, आणि त्या सांध्यांचा पायाला आधारच होतो. सांध्यांत साधें सिमेंट न भरतां एपॉक्सीचा भरणा घ्यावा. तो महाग पडतो, पण काळा पडत नाहीं. लादी बसण्यापूर्वीं मात्र जाळीचें तोंड बंद करून जमिनीवर दोन दिवस पाणी भरून ठेवावें व खालच्या छतास ओल येते कीं काय तें पाहावें. हें काम गवंड्याला आवडत नाहीं; आपण पाहुण्यासारखें न वागतां तेथें बसून करून घ्यावें.

जाळीखालीं जो पाण्याचा सांपळा बसवितात, त्याला आपल्या देशांतील अभियंते इंग्रजी पुस्तकांतूनही 'नहाणी ट्रॅप' म्हणतात, हें ठाऊक झालें तेव्हां मला आपल्या भाषेचा अभिमान वाटला. त्यांत सुमारें दोन इंच पाणी उभें राहतें, तेंच घाण वास व झुरळें अडवितें. महिनाभर गांवीं जाऊन आलां व घरांत दुर्गंधि आली, तर सांपळा वाळला असें समजावें. तांब्याभर पाणी ओतलें कीं झालें.

आतां पाण्याकडे वळूं, कारण धर्तीचा निकाल पाण्यावर लागतो.

शाळेची सहल घेऊन मी एकदां बऱ्हाणपुरास गेलों होतों. आज तें मध्य प्रदेशांत आहे, पण जुन्या खानदेशची, फारुकी सुलतानांची ती राजधानी. तेथल्या शाही किल्ल्यांत मोगलांच्या वेळचा हमाम आहे. छतावर चुन्याच्या गिलाव्यावर काढलेली रंगीत वेलबुट्टी अजून दिसते. मुलें ती पाहण्यांत दंग झालीं. पण गांवाबाहेर कुंडी भंडारा म्हणून जी जागा आहे, तिनें मला अधिक शिकविलें. खानखानान अब्दुल रहीम याच्या अंमलांत, इ. स. १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या बाजूनें जमिनींत झिरपणारें पाणी भुयारांतून शहराला आणण्याची ही योजना झाली. त्या भुयाराच्या भिंतींवर चुन्याचे पांढरे थर चढले आहेत. बादशहाच्या पाण्यांतला चुना चुकला नाहीं, तर आपल्या विहिरीच्या व बोअरच्या पाण्यांतला कोठून चुकणार? काळ्या खडकांतून झिरपणारें पाणी कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार बरोबर घेऊन येतें. थेंब वाळला कीं पांढरा डाग उरतो. पाणी तापलें कीं तोच क्षार गिझरच्या दांडीवर कवच होऊन बसतो. म्हणून गिझर पन्नास-पंचावन्न अंशांच्या वर ठेवूं नये व वर्षांतून एकदां उघडून साफ करवावा.

हें लक्षांत घेऊन धर्ती पाहाव्या. हॉटेलांतल्या धर्तीची मोठी शोभा म्हणजे कांचेचा आडपडदा व काळे नळ. मुंबईपुण्याच्या धरणाच्या मऊ पाण्यावर तीं शोभत असतील. आमच्याकडे आठ दिवसांत कांच चष्म्यावर पीठ उडाल्यासारखी दिसते, आणि काळ्या तोटीवर पांढरे ओघळ मोजून घ्यावे. रोज फडक्यानें पुसणारें माणूस घरांत असेल तरच त्या वाटेला जावें. आणि तें माणूस बहुधा कोण असतें, तेंही मनांत आणावें. क्रोमचा मुलामा दिलेली अस्सल पितळेची तोटी या पाण्याला बरी. डाग दिसत नाहींत व फडक्यानें निघतात. हातांत घेऊन वजन पाहावें. हलकी तोटी बहुधा जस्ताच्या मिश्रणाची. आंत रबराच्या वायसरऐवजीं सिरॅमिकच्या चकत्या असाव्या. छतांतून पावसासारखें पडणारें मोठें शॉवरही पुस्तकांतच बरें. तेहेतीस फूट उंचीच्या पाण्यानें एक बार दाब मिळतो. आपली टांकी गच्चीवर आठ-दहा फुटांवर, म्हणजे पाव बारच्या आसपास. पंप लावल्यावांचून तें शॉवर नुसतें ठिबकतें. खानदेशांतील पुष्कळ गांवांना नळाचें पाणी रोज येत नाहीं, तेथें पंप लावून मिनिटाला दहा लिटर सोडण्यापेक्षां दीड बालदींत स्नान उरकणारी आपली जुनी रीत शहाणपणाची वाटते.

राजवाडी धर्तीवर माझें स्वतःचें प्रेम आहे. तांब्याचें घंगाळ, पितळेच्या तोट्या, आणि खालीं रंगीत नक्षीच्या सिमेंटच्या फरश्या. अशा फरश्या स्वदेशीच्या भावनेनें मुंबईस १९२२ सालीं निघालेल्या भारत टाइल्सनें कितीतरी जुन्या वाड्यांना व बंगल्यांना पुरविल्या. त्यांचा रंग मायाळू, पण त्या पाणी पितात. त्यांना वर्षांतून एकदां रोगण द्यावें लागतें. अनेक घरांत शहाबादी किंवा कोटा फरशी असते, ती पायाला चांगली, खिशालाही चांगली. पॉलिश न करतां घ्यावी. या दोन्ही फरश्या चुनखडीच्या जातीच्या, हें विसरूं नये. क्षाराचे डाग घालविण्यासाठीं बाजारांत मिळणारें आम्ल त्यांच्यावर ओतलें, तर डागाबरोबर दगडही फसफसून जातो. लिंबू अथवा व्हिनेगर लादीवर चालेल, या दगडांवर तेंही नको. विलायती पांढरी धर्त स्वच्छ दिसते, एवढेंच तिच्याबद्दल सांगतां येईल.

नळ्यांबद्दल दोनच शब्द: जी. आय. च्या लोखंडी नळ्या आंतून गंजून व क्षारानें बुजून जातात, म्हणून गरम पाण्याला सीपीव्हीसीच्या घ्याव्या. आणि गिझरच्या विजेच्या वाटेवर आर. सी. सी. बी. नांवाचें संरक्षक बटण बसविल्यावांचून त्याची कळ दाबूं नये.

आमची जमीन आम्हीं पुन्हां उखडली. आतां करड्या रंगाची, हाताला किंचित् खरखरीत लागणारी फूटभर लादी आहे. भिंतीला आधाराची दांडी घेतली, तेव्हां पत्नी रागावली. 'मी काय इतकी म्हातारी झालें?' असें म्हणाली. दांडी जमिनीपासून तेहेतीस ते छत्तीस इंचांवर, मुठींत मावेल एवढी जाड, भिंतीपासून दीड इंच अंतरावर, आणि विटेच्या घट्ट भिंतींतच पक्की करावी. टॉवेलच्या दांडीवर भार टाकूं नये. ती लादीसकट हातांत येते. पहिला आठवडा पत्नीनें त्या दांडीला हात लावला नाहीं. आतां तिच्यावर तिची ओली साडी असते, ती मी मुकाट्यानें उचलून ठेवतों.

एक गोष्ट मघांशीं सांगावयाची राहिली. त्या श्रावणांतल्या सकाळीं हांक ऐकून मी धांवलों, पण दार उघडेना. दार आंत उघडणारें होतें, आंतून कडी होती, आणि ती दाराला टेकूनच पडली होती. जोर करावा, तर दार तिलाच लागे. शेजारच्या मुलांनीं प्लॅस्टिकचें तें दार वरून कापलें, त्यांत पाऊण तास गेला, आणि तो पाऊण तास मी दाराच्या अलीकडे उभा राहून तिच्याशीं बोलत होतों. धर्तीच्या त्या जाड पुस्तकांत दार कोणत्या बाजूस उघडावें याचें एकही चित्र मला आढळलें नव्हतें. आतांचें दार बाहेर उघडतें, आणि त्याची कडी बाहेरून नाणें घालून फिरवितां येते. तें उघडतांना ओसरीवरच्या रांजणाला लागे, म्हणून रांजण आम्हीं पलीकडच्या भिंतीशीं सरकविला आहे.