यंत्र आणि माणसाचे काम



यंत्र आले की माणसाचे काम जाते, ही भीती जुनीच आहे. १८११ साली इंग्लंडातील नॉटिंगहॅम परगण्यात कारागिरांनी मोजे विणण्याची यंत्रे फोडली. १८१२ साली पार्लमेंटने या अपराधास देहान्त शिक्षा ठरविली. कारागिरांचा राग यंत्रापेक्षा, हलका माल काढून मजुरी पाडणाऱ्या मालकांवर अधिक होता. हा भेद आम्हांला आजही महत्त्वाचा वाटतो.

२०१३ साली ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑस्बोर्न या संशोधकांनी अमेरिकेतील ७०२ व्यवसाय तपासून, तेथील ४७ टक्के नोकऱ्यांना संगणकाचा मोठा धोका असल्याचे अनुमान काढले. २०१६ साली ओईसीडी या राष्ट्रसंघटनेसाठी झालेल्या अभ्यासात अमेरिकेचा आकडा ९ टक्क्यांवर आला. एवढी तफावत का पडावी? पहिल्यांनी व्यवसाय अखंड धरला; दुसऱ्यांनी त्यातील कामे सुटी करून पाहिली. यंत्र बहुधा अख्खा व्यवसाय घेत नाही, त्यातील एकेक काम उचलते.

छापखान्याचेच पाहा. संगणकावर अक्षरजुळणी सुरू झाली तेव्हा खिळे जुळविणाऱ्या जुळाऱ्याचे बोटांतले कसब वाया गेले. मुद्रितशोधकाच्या नजरेची गरज मात्र उरली. बँकेतल्या कारकुनाची खतावणी यंत्राने घेतली, तरी गिऱ्हाइकाची अडचण समजून घेण्याचे काम त्याच्याकडे राहिले. ज्याच्या हाती एकच काम, त्याच्यावर घाव पुरा बसतो. आता मजकूर लिहिणारी यंत्रे आली आहेत. भाषांतरकार आणि मसुदे लिहिणारे कारकून यांनाही हा हिशेब मांडावा लागेल.

परंतु बँकेच्या कारकुनापाशी आणखी एक आधार होता. १९८३ साली बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांविषयी करार झाला. यंत्रे कोठे व किती बसवावीत, यावर दोन्ही पक्षांना समोरासमोर बसून बोलावे लागले. गल्लीबोळांतल्या लहान छापखान्यांतील जुळाऱ्यामागे एवढे संघटित बळ नव्हते.

नऊ टक्के हा आकडा लहान दिसतो. पण त्या नऊंत जो सापडतो, त्याची चूल पुरतीच विझते. म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की यंत्र खुशाल आणावे, परंतु ते दारात उतरण्यापूर्वी बोलणी व्हावीत. नवे काम शिकेपर्यंत कामगाराचे घर कोणी चालवायचे, हे त्या बोलण्यांत आधी ठरावे. यंत्रापासून ज्याला नफा होणार, त्याने त्यातला वाटा उचलणे हा उपकार नव्हे; तो यंत्राच्या किमतीचाच एक भाग आहे.