शेजाऱ्याची गोळी आपली नव्हे
(सुदामा नगर, इंदूर येथील मराठी रहिवाशांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



रक्तदाबावरील औषधांच्या इतिहासात आपल्या देशाला मानाचे स्थान आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेच्या उपयोगाविषयी लेख प्रसिद्ध करून जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले. १९५२ साली तिच्या मुळांतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. याच इंदूर शहरातील कृषी महाविद्यालयात सर्पगंधेचा 'आर. एस.-१' हा वाण तयार झाला. परंतु रिसर्पिनमुळे काही रुग्णांना औदासीन्य येते असे आढळले आणि अधिक सोयीची औषधे निघताच ते मागे पडले. औषध गुणकारी असून भागत नाही. ते रुग्णास मानवलेही पाहिजे, हा त्यातील बोध होय.

आजची औषधेही सर्वांना सारखी नाहीत. अॅम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करते. मात्र काहींच्या पायांवर सूज येते. टेल्मिसार्टन हे मधुमेहासोबत मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना विशेष उपयुक्त, परंतु गर्भवती स्त्रीस वर्ज्य आहे. क्लोरथॅलिडोन लघवीवाटे मीठ व पाणी बाहेर टाकते. त्याने रक्तातील पोटॅशियम घटू शकते. प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या रुग्णास अपायकारक ठरते. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपण परस्पर घेणे धोक्याचे आहे. वय, इतर विकार व चालू असलेली औषधे पाहून निवड करणे हे डॉक्टरांचेच काम आहे.

२०१७ साली महाराष्ट्र व मध्य प्रदेशासह पाच राज्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. मोजकी, खात्रीची औषधे, ठरलेला उपचारक्रम आणि प्रत्येक रुग्णाची नोंद, ही त्याची सूत्रे होत. महाग औषधापेक्षा नियमित औषध श्रेष्ठ, हेच त्यामागील तत्त्व आहे.

खरा धोका आहे तो मध्येच औषध सोडण्याचा. रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण दाखवीत नाही. "आता बरे वाटते," असे म्हणून गोळी बंद केली की दाब पुन्हा चढतो आणि अर्धांगवायू वा हृदयविकाराचा झटका घरातील कर्त्या माणसास गाठतो. गोळीने त्रास झाल्यास ती बंद न करता डॉक्टरांना सांगावे. पर्याय अनेक आहेत.

दिवसाकाठी मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवावे, तंबाखू वर्ज्य करावी, आणि तिशीनंतर प्रत्येकाने रक्तदाब मोजून घ्यावा. शिक्षक व ग्रामसेवकांनी ही गोष्ट घरोघरी पोहोचवावी, अशी माझी विनंती आहे.