उभ्या गाडीची थरथर

आज आम्ही गटातल्या अकरा जणी बोलणार आहोत. एकीनं माईकसमोर बसायचं आणि बाकीच्यांनी मागून चुका काढायच्या, असं ठरलंय. विषय आमच्या व्हॅनचा आहे. ज्यांच्या घरी किंवा गटात जुनी गाडी आहे, त्यांनी हातातलं काम जरा बाजूला ठेवून ऐका.

आमची व्हॅन पेट्रोलची, तीन सिलिंडरची. इंजिन पुढच्या सीटखाली. चार वर्षांपूर्वी गटानं कर्ज काढून ती जुनीच विकत घेतली, तेव्हा तिचं 1,20,000 किलोमीटर झालेलं होतं. आता काटा 1,84,000 वर आहे. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पापड, कुरडया असा माल भरायचा, चौघीजणी बसायच्या आणि मोगराळे घाट उतरून फलटणच्या बाजाराला जायचं. गाडी चालवायला आमच्यातलीच एक ताई आहे, लायसन्स काढलेली.

पावसाळा संपला आणि गाडीनं नवीनच खोड काढली. रस्त्यानं धावताना ठीक असायची, पण उभी केली की थरथरायला लागायची. आरसा हलायचा, पत्रा वाजायचा, मध्येच बंद पडायची. जरा रेस दिली की पुन्हा शहाणी. याला गॅरेजात ‘मिसिंग’ म्हणतात, हे आम्हाला नंतर कळलं.

नेहमीच्या गॅरेजात नेली. तिथल्या माणसानं दोनदा रेस दिली, काट्याकडं बघितलं आणि म्हणाला, “एवढी पळाल्यावर काय राहणार? इंजिन दमलंय. उतरवून काम करावं लागेल. पस्तीस-चाळीस हजार धरा.” सीट उचलून आत बघितलंसुद्धा नाही.

गटाच्या खात्यात शिल्लक होती 22,000. त्या रात्री मीटिंग बसली. कुणी म्हणालं, भंगारात घाला. कुणी म्हणालं, आणखी कर्ज काढा. तेवढ्यात आमची ड्रायव्हर ताई म्हणाली, “ब्रेक पण कडक लागतोय गं हल्ली. पाय दाबून दाबून दुखतो.” आणि सख्यांनो, सांगायला लाज वाटते, पण आम्हीच हसलो. “तुझ्याच पायातला जोर गेला असेल,” असं बोलून गेलो. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

शेवटी आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, “डॉक्टर पोट कापायच्या आधी नाडी तरी बघतो. गाडीची नाडी कुणी बघितली?” मग ठरलं, आठ दिवस गाडीचं सगळं वहीत लिहायचं. गार असताना थरथरते की तापल्यावर? नुसती उभी असताना की चालतानाही? धूर कसला? ऑइल किती उतरलं? पाणी कमी होतंय का? आणि काकूंनी हट्टानं ब्रेकचंही लिहायला लावलं.

आठ दिवसांनी वही घेऊन आम्ही दुसऱ्या एका मेस्त्रींकडं गेलो. त्यांनी ती आधी वाचली. मग म्हणाले, “निम्मं काम तुम्हीच केलंय. थरथर फक्त उभ्या गाडीत आहे, धूर नाही, ऑइल-पाणी जागेवर आहे. लगेच इंजिनला हात लावायचं कारण नाही.”

उभ्या गाडीतच का थरथर, ते त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. गाडी उभी असते तेव्हा इंजिन अगदी मंद चालतं, मिनिटाला साधारण 800 ते 900 फेरे. हवा आत घेणारी झडप तेव्हा जवळजवळ मिटलेली असते. थोडी हवा, थोडं पेट्रोल, अशा मापात सगळं चाललेलं असतं. चुलीतल्या मोठ्या जाळाला वाऱ्याची झुळूक काही करत नाही, पण देवापुढची बारीक वात लगेच फडफडते. तसंच इथं. कुठून तरी चोरून हवा आत शिरली, की मंद इंजिनचं माप बिघडतं. रेस दिल्यावर हवा भरपूर लागते, तेव्हा ती चोरटी हवा जाणवत नाही.

मग त्यांनी एकेक तपासायला घेतलं, स्वस्तापासून महागाकडं. आधी एअर फिल्टर. धुळीनं भरला होता, बदलला. थरथर तशीच. मग थ्रॉटल बॉडी, म्हणजे ती हवेची झडप बसते तो भाग. त्यावर काळा चिकट थर होता, साफ केला. थोडा फरक पडला, पण थरथर गेली नाही. एका वेळी एकच गोष्ट करायची आणि लगेच गाडी चालू करून बघायची, ही त्यांची पद्धत आम्हाला फार आवडली. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर कशानं गुण आला ते कळत नाही आणि पैसे मात्र चारींचे जातात.

मग इंजिन गार होऊ दिलं आणि तिन्ही स्पार्क प्लग काढून ओळीनं मांडले. प्लगचा रंग म्हणजे इंजिनची जीभच. फिकट तपकिरी असला तर बरा. कोरडी काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त होतंय. ऑइलनं ओला असेल तर ऑइल वर चढतंय. आमचे दोन प्लग तपकिरी निघाले आणि तिसरा पांढरट. पांढरट म्हणजे त्या सिलिंडरला हवा जास्त, पेट्रोल कमी.

प्लगही जुने झाले होते, म्हणून तिन्ही नवीन घातले. तरी थरथर होतीच. मग मेस्त्रींनी चालू गाडीत प्रत्येक सिलिंडरचं पेट्रोल एकेकदा बंद करून बघितलं. पहिल्याचं बंद केलं, इंजिन आणखी अडखळलं. दुसऱ्याचंही तसंच. तिसऱ्याचं बंद केलं, तर काहीच फरक नाही! म्हणजे मंद चालताना तिसरा सिलिंडर कामच करत नव्हता. तिघींनी ओढायचं ओझं दोघी ओढत होत्या, म्हणून गाडी हलत होती.

आमच्या पोटात गोळा आला. तिसरा सिलिंडर गेला, म्हणजे चाळीस हजार? मेस्त्रींनी प्लगच्या जागी घड्याळ लावून कॉम्प्रेशन मोजलं. आकडे आले 145, 140 आणि 135. तिन्ही जवळजवळ सारखे. मेस्त्री म्हणाले, “वय झालंय, पण म्हातारी खुटखुटीत आहे.”

मग ते वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “ब्रेक कडक लागतो, हे कुणी लिहिलंय?” आमची ताई पुढं झाली.

झालं होतं असं. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीचा उपयोग करून ब्रेकला जोर देणारा एक डबा असतो. त्याला बूस्टर म्हणतात. इंजिनपासून बूस्टरपर्यंत एक रबरी पाईप जातो. तो आमच्या गाडीत तिसऱ्या सिलिंडरजवळ जोडलेला आहे. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन रबर कडक झालं होतं आणि क्लिपच्या खाली, सहज दिसणार नाही अशा जागी चिरलं होतं. मेस्त्रींनी चिरेच्या अलीकडं पक्कडनं पाईप दाबून धरला, आणि गाडी शांत! चिरेतून चोरटी हवा तिसऱ्या सिलिंडरकडं जात होती आणि बूस्टरला पुरती ओढ मिळत नव्हती. थरथर आणि कडक ब्रेक, दोन्हींचं मूळ एकच होतं.

नवीन पाईप, तीन प्लग, फिल्टर, साफसफाई आणि मजुरी धरून 1,900 रुपये झाले. पण पैसे वाचले याचा आनंद करायच्या आधी आम्ही गप्पच झालो. त्या महिन्याभरात आम्ही आठ वेळा मोगराळे घाट उतरलो होतो, भरल्या गाडीनं, अर्ध्या जोराच्या ब्रेकवर. ताई सांगत होती आणि आम्ही हसत होतो. तिच्या पायात जोर होता म्हणून आम्ही आज इथं बोलतोय.

तर सख्यांनो, ब्रेकची ही परीक्षा तुम्ही दारातच करू शकता. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून उभी करा. इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबा, तो कडक होईल. मग पाय तसाच दाबून ठेवा आणि गाडी चालू करा. ब्रेक पायाखाली थोडा खाली गेला, तर बूस्टरला ओढ मिळतेय. नाही गेला, तर गाडी बाजाराला न्यायची नाही, मेस्त्रींनाच घरी बोलवायचं.

काही गोष्टी मात्र घरी करू नका. चालू गाडीची प्लगची वायर हातानं ओढू नका, जोराचा झटका बसतो. गळती शोधायला पेट्रोल शिंपडू नका, भडका उडेल. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका.

आणि प्रत्येक थरथर 1,900 रुपयांत मिटते असंही नाही. निळा धूर येत असेल आणि ऑइल सारखं उतरत असेल, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसत असेल, पाणी आटत असेल किंवा एखाद्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा फारच कमी भरत असेल, तर मोठं काम निघू शकतं. तेव्हा खर्च करावाच लागेल. पण “इंजिन उतरवा” असं कुणी म्हणालं, तर आधी विचारा, प्लग बघितले का? पाईप बघितले का? कॉम्प्रेशन किती आलं? आकडा वहीत लिहून घ्या. काढलेला पार्ट परत मागून घ्या. विचारायला लाजू नका. गाडी आपली आहे, हप्ता आपण भरतो.

तो चिरलेला पाईप आम्ही टाकला नाही. गटाच्या कपाटात, पासबुकाशेजारी ठेवलाय. मीटिंगमध्ये कुणी कुणाचं बोलणं हसण्यावारी न्यायला लागलं, की काकू उठून तो पाईप मधोमध आणून ठेवतात. मग आम्ही सगळ्या गप्प बसून ऐकतो.

येतो आम्ही. नमस्कार.