लपवून घेतलेली गोळी

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत आपल्याच एका गटाच्या सचिव ताईंनी केलेलं भाषण. सभेला न आलेल्या सदस्यांसाठी इथे छापत आहोत.)



मला पंधरा मिनिटं दिली होती, त्यातली पाच हार-नारळात गेली. म्हणून सरळ विषयावर येते. मी ट्रान्स स्त्री आहे. म्हणजे जन्मले तेव्हा मुलगा झाला म्हणून सांगितलं, पण मी बाई आहे. तुमच्यातल्या बहुतेकींना हे ठाऊक आहे. आज मी हक्कांवर बोलणार नाही, औषधांवर बोलणार आहे. कारण माझ्यासारख्या मुली गावोगाव आहेत, कुणाच्या घरात, कुणाच्या भावकीत. आणि त्यातल्या कितीतरी जणी कुणाला न सांगता हार्मोनच्या गोळ्या घेतात.

कोणत्या गोळ्या? माला-डी. तुमच्या ओळखीचीच. मेडिकलवर सहज मिळते, स्वस्त आहे, कुणी काही विचारत नाही. छाती भरावी, अंग मऊ व्हावं म्हणून घेतात. आपण बायका दिवसाला एक घेतो. यातल्या काही जणी तीन-तीन, चार-चार घेतात.

आता बघा, ही गोळी सुरू करण्याआधी बाईला काय विचारतात? बीपी आहे का, बिडी-सिगारेट ओढता का, वय पस्तिशीच्या पुढे आहे का, अर्धशिशीचा त्रास आहे का. हे विचारतात कारण या गोळीतल्या इथिनिल इस्ट्रॅडिओलमुळे रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. एका गोळीला एवढी चौकशी, आणि चार गोळ्या घेणाऱ्या पोरीला विचारणारं कुणीच नाही.

म्हणून ही खूण लक्षात ठेवा. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागते, दुखते. किंवा एकदम धाप लागली, छातीत कळ आली. तेल चोळत बसू नका, 108 ला फोन करा. आणि दवाखान्यात गोळ्यांचं पाकीट डॉक्टरांपुढे ठेवा. लाजेनं लपवलं तर डॉक्टर भलतीकडेच शोधत बसतील, आणि त्यात वेळ जातो.

डॉक्टरांच्या हाताखाली हा उपचार वेगळ्या तऱ्हेनं होतो. ते साधं इस्ट्रॅडिओल देतात, बाईच्या शरीरात तयार होतं तेच. गोळी असते, कातडीला लावायचं जेल किंवा पट्टीही असते. ज्यांना गाठीचा धोका जास्त, त्यांना जेल-पट्टी बरी. सोबत पुरुषी हार्मोन दाबणारं औषध असतं. स्पायरोनोलॅक्टोन दिलं तर लघवी जास्त होते, बीपी उतरतो, रक्तात पोटॅशियम वाढू शकतं. शक्ती यावी म्हणून त्यावर रोज शहाळी पाजू नका. सायप्रोटेरोन दिलं तर लिव्हर तपासावं लागतं, आणि काहींचं मन त्यानं फार खचतं. पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, पुढे वर्षातून एक-दोनदा. उपचार सुरू करण्याआधी एक गोष्ट नक्की विचारायची: पुढे स्वतःचं मूल हवं आहे का? बीज कमी होतं, नंतर परत येईलच असं नाही.

घाई हा मोठा शत्रू. छाती भरायला तीन ते सहा महिन्यांनी सुरुवात होते, पुरती भरायला दोन-तीन वर्षं लागतात. दुप्पट युरिया टाकला म्हणून कांदा महिनाभर आधी निघत नाही, तसंच हे. आवाज तर या औषधांनी बदलतच नाही, दाढीही जात नाही. हे आधी कुणी सांगितलेलं नसलं की पोरगी निराश होते आणि डोस वाढवते.

ज्यांचं अंडकोष काढण्याचं ऑपरेशन झालं, त्यातल्या काही आता काम झालं म्हणून हार्मोन बंद करतात. मग पाळी गेल्यावर आपली हाडं ठिसूळ होतात ना, तेच त्यांचं होतं, तेही ऐन तिशीत. नाचणी खा, चाला, उन्हात बसा, पण औषध बंद करायचं की नाही ते डॉक्टरांना विचारूनच.

आता मनाचं. योग्य उपचार मिळाला की पुष्कळ जणींचं मन हलकं होतं, आरशात बघावंसं वाटतं. पण घरातून हाकललं, खोली मिळत नाही, बाजारात कुणी टिंगल केली, याला गोळी नाही. झोप उडाली, जेवण सुटलं, जगून काय करू असं बोलली, तर तिला स्पष्ट विचारा, मरावंसं वाटतं का? विचारल्यानं डोक्यात खूळ भरत नाही, उलट ती बोलती होते. मग तिला एकटं सोडू नका. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. आणि घरात गोळ्या सापडल्या तर संतापून चुलीत टाकू नका. एकदम बंद झाल्या की मन आणखी ढासळतं, आणि ती दुसरीकडून आणून जास्त लपवून घेईल. तिच्यासोबत दवाखान्यात जा. आईनं गेलेलं सगळ्यात चांगलं. पोर अठराच्या आतलं असेल तर घरी कुणी काही सुरू करू नका, आधी डॉक्टर.

जायचं कुठे? जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात, हार्मोनच्या डॉक्टरांची चौकशी करा. 2019 च्या कायद्यात हार्मोन उपचाराची सोय आणि त्याच्या आधी-नंतर समुपदेशन ही सरकारची जबाबदारी म्हणून लिहिलेली आहे. मागायला संकोच नको. पहिल्या खेपेला कुणी हसलं तर दुसऱ्या खेपेला आपण चौघी मिळून जाऊ. बँकेत जातोच की.

शेवटचं, पैशाचं. आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहे. कुणी सदस्य घरातल्या अशा मुलीच्या रक्ततपासणीसाठी अंतर्गत कर्ज मागायला आली तर बैठकीत तिला खोदून विचारू नका. बाळंतपणाला देतो, मोतीबिंदूला देतो, तसंच द्या. वहीत कारण लिहा, ‘आरोग्य’. तेवढं पुरे.