पसरणी घाट बसून चढावा



वाईकरांना हे दृश्य नवं नाही. थंडीतल्या रविवारी नऊ-दहाच्या सुमारास पुण्याकडून दहा-बारा माणसं सायकलवर येतात. अंगात घट्ट रंगीत कपडे, डोक्यावर हेल्मेट. मिसळ खातात आणि पसरणी घाटाकडे निघतात. यांना घरी कामं नाहीत का, असं गावात कुणीतरी विचारतंच. त्याचं उत्तर पाहुण्यांकडेही नाही. मात्र त्या घाटासाठी ही माणसं तीन-तीन महिने काय करत असतात, ते सांगण्यासारखं आहे.

पुणे ते महाबळेश्वर साधारण 120 किलोमीटर. कात्रज आणि खंबाटकी या दोन घाटांनी पाय आधीच नरम केलेले असतात. सुरूर फाट्याला वळून वाईत आलं की खरी परीक्षा, पसरणी घाटाची. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर, पाचगणी सुमारे 1300, आणि मधलं अंतर जेमतेम 12 किलोमीटर. म्हणजे दर 100 मीटरला सरासरी 5 मीटर चढ. एसटीच्या खिडकीतून हे कळत नाही. फिजिक्सच्या मुलांनी गणित करून पाहावं: माणूस आणि सायकल मिळून 80 किलो, उंची 600 मीटर, तर काम होतं सुमारे 4 लाख 70 हजार ज्यूल. शरीर अन्नातल्या ऊर्जेचा जवळपास पाव हिस्साच पायडलपर्यंत पोहोचवतं, बाकीचा घामावाटे आणि उष्णतेत जातो. त्यामुळे नुसती ही उंची गाठायलाच 450 च्या आसपास कॅलरी जळतात.

हे झेपावं म्हणून नवखा काय करतो? रोज जीव तोडून सायकल मारतो आणि तिसऱ्या आठवड्यात गुडघा धरून बसतो.

अनुभवी माणसं उलट करतात. आठवड्यातले बहुतेक किलोमीटर ते इतक्या सावकाश मारतात की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता याव्यात. धाप लागून वाक्य तुटलं, की वेग जास्त झाला. अशा निवांत, लांब फेऱ्यांनी स्नायूंतल्या केशवाहिन्या वाढतात आणि चरबी जाळून ऊर्जा काढायची सवय शरीराला लागते. दमवणारा सराव आठवड्यातून एखादाच. पुण्याच्या मंडळींसाठी तो बोपदेव घाटात किंवा सिंहगडाच्या रस्त्यावर. रविवारची फेरी 40 किलोमीटरपासून हळूहळू 90-100 पर्यंत न्यायची आणि दर चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करायची. स्नायू बळकट होतात ते विश्रांतीत, आणि नेमकी ही विश्रांतीच उत्साही माणसाला सर्वांत जड जाते.

घाटात उभं राहून पायडल मारणारा फोटोत छान दिसतो. पण उभं राहिलं की नाडी वाढते, म्हणून लांब चढ बसूनच काढायचा आणि पाठ आखडली तरच थोडा वेळ उठायचं. पुढे 34 दात्यांचं चाक आणि मागे 32 चं असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सव्वादोन मीटरच्या आसपास पुढे सरकते. मिनिटाला 60 फेरे मारले की वेग ताशी 8 किलोमीटर, आणि दीड तासात पाचगणी. या वेगाची लाज वाटून जड गिअर लावणारे बरेचदा निम्म्या घाटात कठड्यावर बसलेले भेटतात.

खाण्याचंही तसंच. शरीरात साखरेचा साठा असतो सुमारे 2000 कॅलरींचा, आणि जोराने सायकल मारली तर तो दोनेक तासांत संपत येतो. भूक लागल्यावर खाणं म्हणजे उशीर. म्हणून सुरुवातीपासून दर तासाला एखादं केळं, चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू, आणि मीठ-साखर-लिंबाचं पाणी. नव्या खाण्याचे प्रयोग सरावात करावेत, राइडच्या दिवशी नाहीत. पोटाच्या तक्रारीला घाटात आडोसा मिळत नाही.

आता गटाविषयी. सपाटीवर ताशी 30 च्या वेगात पुढच्याच्या मागे नीट राहिलं, तर वाऱ्याच्या आडोशाने पाव हिस्सा तरी श्रम वाचतात. एकमेकांच्या चाकामागे हातभर अंतरावर चालवणं, हाताने खड्डा दाखवणं, अचानक ब्रेक न दाबणं, हाही सरावच, आणि तो एकट्याने होत नाही. घाटात मात्र वेग आठ-दहावर येतो, वारा आडवा येत नाही, आणि सोबतीचा हा फायदा जवळपास संपतो. तिथे प्रत्येकाने आपल्या दमाने चढावं, वर सगळ्यांसाठी थांबावं आणि एका जाणत्याने शेवटच्या माणसाच्या मागे राहावं. हा शेवटचा माणूस पोहोचला, की पुढे गेलेले लगेच ‘चला’ म्हणतात. हा शुद्ध अन्याय आहे. त्यालाही दहा मिनिटं हवी असतात.

शेवटच्या माणसालाही तितकाच मान देणारी एक मोठी राइड म्हणजे फ्रान्समधली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. 1200 किलोमीटरची ही राइड 1891 मध्ये शर्यत म्हणून सुरू झाली. आज ती हौशी सायकलस्वारांसाठी दर चार वर्षांनी होते. कमाल मुदत 90 तास, क्रमांक कुणालाच नाही. पात्र ठरायला त्याच वर्षी 200, 300, 400 आणि 600 किलोमीटरच्या राइड मुदतीत पूर्ण कराव्या लागतात. 200 किलोमीटरला मुदत साडेतेरा तास, म्हणजे ताशी जेमतेम 15 चा वेग, चहापाण्याचे थांबे धरून. महाराष्ट्रातून तिथे जाणाऱ्यांचा सरावही इथल्याच घाटांत होतो.

एक गोष्ट बहुतेक जण सरावात सोडून देतात: उतार. वळणाच्या आधीच वेग कमी करायचा, दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबून सोडायचे, सतत धरून ठेवायचे नाहीत. रिमवर घासणारे ब्रेक असतील तर चाक तापून ट्यूब फुटू शकते. पसरणीत तर वळणावर समोरून एसटी, मागून पर्यटकांची गाडी आणि रस्त्यात माकडं, असा तिहेरी पेपर असतो. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी गिअरची सायकल आहे, त्यांनी पहिल्या रविवारी पाचगणी गाठायचा हट्ट न धरता अर्ध्या घाटापर्यंतच जावं आणि तिथून नीट उतरून दाखवावं. गिअर नसलेल्यांनी पहिला महिना सपाटीवरच काढावा. वाईच्या आसपास तसे रस्ते पुष्कळ आहेत.