लिलावातली जिप्सी आणि ३१ इंची टायर

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, लिलावातली लष्करी जिप्सी घेऊ का? घ्या, पण आधी माझी फजिती ऐका.

कुंभवलीला घरासमोर गाडी उभी राहिली तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "तो हिरवा रंग आधी घालव." बरोबरच होतं, ऑलिव्ह ग्रीन कायद्याने संरक्षण दलांसाठीच राखीव आहे. माझं लक्ष मात्र टायरवर. जिप्सी किंग म्हणजे १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन, चारही चाकांना पाटे. मी ३१ इंची टायर आणि लिफ्ट किट टाकलं. फोटो झकास आले!

पहिल्याच पावसात जव्हारच्या बाजूला, उतारावर ब्रेक दाबला तरी गाडी सरकतच राहिली. मागे धाकटी बहीण बसलेली. बांधाला घासून थांबलो. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

बोईसरच्या मिस्त्रींनी मागचं चाक काढलं. "टायर वजनदार केलास, ब्रेक तेच जुने. ड्रममध्ये बघ, गंज आणि चिखल." मोठ्या टायरला तोच ब्रेक कमी पडतो, चढाला इंजिन गुदमरतं, आणि उंच गाडी आडव्या उतारावर कलंडू शकते. हे मला कळायला हवं होतं, बीटेक आहे मी!

आता मूळ मापाचे, खोल नक्षीचे टायर आहेत. ब्रेक पाइप, व्हील सिलिंडर नवे. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत चॅसीचा गंजही काढून घेतला. उतारावर लो रेशोचा पहिला गिअर टाकतो, इंजिनच गाडी धरतं.

बहीण आता पुढे बसते. निघण्याआधी हँडब्रेक स्वतः ओढून बघते.