पदव्युत्तर शिक्षणासाठी घर सोडण्यापूर्वी

(हुबळी शहरातील कमरीपेठ येथील विद्यार्थी व पालक यांच्यासाठी केलेल्या भाषणाचा मजकूर)



धारवाडातील एका मराठी भाषिक घरातील मुलगा 1913 मध्ये मॅट्रिक झाला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यातील जिल्ह्याचे ठिकाण होते, तरीही गावात महाविद्यालय नव्हते. कर्नाटक कॉलेज निघाले ते 1917 मध्ये. काकांच्या आधाराने हा मुलगा पुण्यास गेला, 1918 मध्ये पदवीधर होऊन परतला आणि धारवाडात शिक्षक झाला. पुढे कन्नडचे थोर कवी म्हणून मान्यता पावलेले व 1973 च्या ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी ठरलेले दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे ते हेच.

बेंद्रे यांच्या पाठीशी काका होते. ज्या घरातून पदवीपर्यंत पोहोचलेला मुलगा किंवा मुलगी ही पहिलीच असते, त्या घरात असा जाणता माणूस बहुधा नसतो. निकाल आणि प्रवेश यांच्या मधल्या एकदोन महिन्यांत त्याची उणीव भरून काढावी लागते. विद्यार्थी हुशार असूनही एखाद्या दाखल्यावाचून त्याचे वर्ष वाया जाते. आणि मुलगी असेल तर ते गेलेले वर्ष पुन्हा क्वचितच हाती लागते, कारण दरम्यान घरात लग्नाची बोलणी सुरू झालेली असतात.

मुळात घर सोडण्याची गरज आहे काय, याचा विचार प्रथम व्हावा. 1949 मध्ये स्थापन होऊन 1950 मध्ये धारवाडास आलेले कर्नाटक विद्यापीठ कमरीपेठेपासून फारसे दूर नाही. तेथे मराठीचाही विभाग आहे. विषय तेथे मिळत असेल, तर केवळ मोठ्या शहराच्या ओढीने वसतिगृहाचा खर्च पत्करणे शहाणपणाचे नाही. परंतु विषय मिळत नसेल, किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात अथवा पुण्यास जाण्यास सबळ कारण असेल, तर तयारी वेगळी करावी लागते. कारण तेव्हा केवळ शहर नव्हे, तर राज्यही बदलते.

राज्य बदलताच कागदपत्रांचा अर्थ बदलतो. कर्नाटकात राखीव प्रवर्गात मोडणाऱ्या अनेक पालकांची अशी समजूत असते की, तहसीलदाराचा जातीचा दाखला महाराष्ट्रातही तेवढाच चालेल. तसे होत नाही. स्थलांतर केलेल्या व्यक्तीला मूळ राज्यातील आरक्षण दुसऱ्या राज्यात आपोआप लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये स्पष्ट केले आहे. राखीव जागेच्या भरवशावर एकाच ठिकाणी अर्ज करणारा विद्यार्थी म्हणूनच फसतो. याची दुसरी बाजूही आहे आणि ती फारशी कोणास ठाऊक नसते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तो ज्या राज्याचा रहिवासी असतो, ते राज्य देते. विद्यार्थी शिकतो कोल्हापुरात, पण अर्ज कर्नाटकाकडे करावयाचा असतो. तेव्हा जातीचा व उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून जाण्यापूर्वीच काढून ठेवावा.

दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या विद्यार्थ्याकडे स्थलांतर प्रमाणपत्र मागितले जाते. ते जुने विद्यापीठ देते आणि त्यास दिवस लागतात. निकाल हाती येताच त्यासाठी अर्ज करावा. सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, तात्पुरते पदवी प्रमाणपत्र व शाळा सोडल्याचा दाखला यांच्या साक्षांकित प्रतींचे चारपाच संच करावेत. दाखला कन्नडमध्ये असल्यास त्याचे इंग्रजी भाषांतर जोडावे. मूळ प्रमाणपत्रे पडताळणीसाठी दाखवावयाची असतात, ठेवून द्यावयाची नसतात; संस्थांनी ती अडकवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये बजावले आहे.

नावाचा घोळ तर घरोघरी आढळतो. कर्नाटकातील गुणपत्रिकेवर पुष्कळदा नाव व आद्याक्षरे एवढेच असते. महाराष्ट्रातील अर्जात आडनाव, नाव, वडिलांचे नाव व आईचे नाव अशी मागणी असते. आधार पत्रावर तिसराच प्रकार असतो. त्यातच आधारशी जोडलेला दूरध्वनी क्रमांक बहुधा वडिलांचा असतो. मुलगी कोल्हापुरात खिडकीपाशी उभी आणि सांकेतिक क्रमांक येतो हुबळीतील दुकानात बसलेल्या वडिलांच्या फोनवर, अशी अवस्था होते. हे काम हुबळीत असतानाच उरकावे.

पैशाबद्दल थोडक्यात एवढेच की, शिष्यवृत्ती वेळेवर येईल असे गृहीत धरू नये. प्रवेशशुल्क, वसतिगृहाची अनामत व खानावळीचे निदान दोन महिन्यांचे पैसे हाताशी असावेत. शिवाजी विद्यापीठात व पुणे विद्यापीठात ‘कमवा आणि शिका’ योजना आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1947 मध्ये साताऱ्यास काढलेल्या महाविद्यालयात हेच तत्त्व अमलात आणले होते. अशा योजनेत काम करण्यात कमीपणा मानू नये. मात्र पहिल्या सत्राच्या खर्चाचा सारा भारही त्यावर टाकू नये.

भाषेच्या भीतीने अनेक विद्यार्थी मागे हटतात. हुबळीच्या मराठीत कन्नड शब्द येतात, हेल निराळा असतो, आणि कोणी हसेल असे वाटते. परंतु अण्णा आणि अक्का ही हाकच मराठीने कन्नडकडून घेतली आहे, हे हसणाऱ्यासही ठाऊक असावे! खरी अडचण बोलण्याची नसून वाचण्या-लिहिण्याची आहे. कन्नड माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्याला देवनागरी ओळखता येते, पण भराभर लिहिता येत नाही. आणि इंग्रजी तर मार्गदर्शिकांपुरतेच वाचलेले असते. पदव्युत्तर वर्गात सबंध ग्रंथ वाचावे लागतात. यावर एक साधा उपाय आहे. नव्या अभ्यासक्रमाची प्रत मिळवून त्यातील दोन ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावेत आणि प्रत्येक प्रकरणाचे सार परीक्षेत ज्या भाषेत लिहावयाचे त्याच भाषेत, स्वहस्ते, एका पानात लिहावे. परिसरातील शिक्षकांनी ती पाने तपासून दिली, तर त्याइतकी मोठी मदत दुसरी नाही.

प्रवेशाच्या वेळी रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र विद्यार्थी व पालक या दोघांकडूनही घेतले जाते. 2009 च्या नियमांनुसार ते आवश्यक आहे. पालक ते न वाचताच सही करतात. ते वाचावे, मुलीला वाचून दाखवावे, आणि त्याच कागदाच्या मागे वसतिगृहाच्या अधीक्षकांचे नाव व दूरध्वनी क्रमांक लिहून एक प्रत घरी भिंतीवर लावावी.